कोकणात रेल्वेने उतरताय? आधी गावची एसटी बघा, मग तिकीट काढा

मे महिना किंवा गणपती जवळ आले की मला फोन यायला लागतात. भाचे, जुने मित्र, ऑफिसातले लोक, सगळ्यांचं एकच, की अरे आम्हाला अमुक गाडीचं कन्फर्म तिकीट मिळालंय, आता स्टेशनवरून गावात कसं जायचं ते सांग. आणि मी प्रत्येकाला एकच उलट प्रश्न विचारतो, तुमच्या गावात शेवटची एसटी किती वाजता जाते? बहुतेकांना ते माहीतच नसतं. सगळी धडपड रेल्वेच्या तिकिटासाठी केलेली असते, आणि शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर "बघू तिथे गेल्यावर" वर सोडलेले असतात. कोकणात खरी अडचण त्या शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरातच आहे, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, मुंबई-ठाण्याहून कोकण रेल्वेने येऊन पुढे लालपरीने गाव गाठणाऱ्यांसाठी.

स्टेशन गावापासून लांब का, हे आधी समजून घ्या

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. डोंगर पोखरून नव्वदच्या वर बोगदे काढले, नद्यांवर आणि दऱ्यांवर उंच पूल बांधले, आणि रूळ जिथून नेता आले तिथून नेले. आपल्या बाजारपेठा मात्र त्याच्या कितीतरी आधी खाडीच्या तोंडाशी आणि बंदरावर वसलेल्या. मालवण, वेंगुर्ला, देवगड, गुहागर, दापोली यातल्या एकाही गावात रेल्वे नाही. जिथे गावाचं नाव स्टेशनला मिळालंय तिथेही स्टेशन गावात असेलच असं नाही. रत्नागिरी स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटरवर कुवारबावजवळ आहे, सावंतवाडीचं स्टेशन मळगावात आहे, राजापूर रोडला उतरलात तर राजापूर गाव पंधरा-वीस किलोमीटर राहतं. स्टेशनच्या नावापुढे "रोड" दिसलं की समजायचं, गाव स्टेशनला लागून नाही, कधी दोन किलोमीटरवर तर कधी वीस.

नाशिक रोडला स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर बसच बस दिसतात, तसं इथे नाही. इथे स्टेशनबाहेर रिक्षा असतात, खाजगी गाड्या असतात, आणि एसटी बऱ्याचदा तिथे नसतेच, ती डेपोत किंवा हायवेच्या नाक्यावर असते. म्हणजे प्रवासाचे तुकडे दोन नाहीत, तीन आहेत. रेल्वे, मग स्टेशन ते स्टँड, मग स्टँड ते गाव. मधला तुकडा सगळेच विसरतात.

सुरुवात गावापासून करा, मुंबईपासून नाही

रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी गावात फोन लावा. घरी कोणी नसेल तर शेजारी, वाडीतला दुकानदार, पोस्टमन, कोणीही चालेल, पण जो रोज ती एसटी बघतो असा माणूस हवा. त्याला "गाडी आहे का" एवढंच विचारू नका. गावात येणारी गाडी कुठल्या डेपोची ते विचारा, दिवसातून किती वेळा येते, शेवटची किती वाजता पोचते आणि ती मुक्कामाची आहे का ते विचारा, वाया कुठून येते ते विचारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रविवारी आणि सुट्टीत येते का ते विचारा.

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम ठळक करून सांगतो. आतल्या गावांच्या बऱ्याचशा फेऱ्या शाळेच्या पोरांवर चालतात. सकाळी पोरांना हायस्कूलला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. शाळेला सुट्टी लागली की ती फेरी बंद होते किंवा कमी होते. आणि चाकरमानी गावी येतो कधी? मे महिन्यात, दिवाळीत, म्हणजे नेमकं शाळा बंद असताना. जूनमध्ये विचारून ठेवलेलं टायमिंग मे महिन्यात उपयोगी पडत नाही ते यामुळे. आषाढीला जादा गाड्या पंढरपूरला जातात, निवडणुकीला गाड्या मतदान केंद्रांच्या कामाला घेतात, गणपतीत जादा गाड्या मुंबईच्या बाजूला लागतात, त्या दिवसांत गावाच्या फेऱ्यांवर परिणाम होतो. तारीख सांगून विचारा, नुसतं "हल्ली येते का" नको.

मुक्कामाची गाडी म्हणजे काय ते शहरात वाढलेल्या पोरांना सांगायला हवं. रात्रीची शेवटची गाडी गावात जाते आणि तिथेच राहते, पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून बाहेर पडते. आमच्या गावात ती देवळासमोरच्या पिंपळाखाली लावतात. ड्रायव्हर-कंडक्टर जेवणाचे डबे घेऊन आलेले असतात, कधी गाडीत झोपतात, कधी देवळाच्या ओट्यावर. पहाटे पाचला ड्रायव्हर उठून जुन्या वर्तमानपत्राने समोरच्या काचेवरचं दव पुसतो आणि मग इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवतो. त्या आवाजाने अख्ख्या वाडीला कळतं की गाडी निघायची झाली, आणि ज्यांना जायचं असतं ते चहा अर्धा टाकून उठतात. ही एक गाडी ज्या गावात आहे त्या गावाची जाण्यायेण्याची सोय पक्की समजा, कारण तिच्यावर तुमचं येणं पण बसतं आणि परत जाणं पण.

स्टेशन निवडताना नकाशा बघू नका, डेपो बघा

मोबाईलच्या नकाशावर जवळचं स्टेशन शोधतात आणि तिथलं तिकीट काढतात, इथेच बहुतेकांची फसगत होते. जवळचं स्टेशन लहान असेल तर तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, बाहेर रिक्षा मिळेल याची खात्री नाही, आणि एसटी पकडायला हायवेपर्यंत चालत जावं लागतं. त्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर लांबचं पण डेपोचं गाव असलेलं स्टेशन बरं. देवगडचंच बघा. नकाशावर नांदगाव रोड स्टेशन जवळ दिसतं, पण बहुतेक एक्सप्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत. कणकवलीला उतरलात तर गाड्या भरपूर थांबतात, स्टेशन ते एसटी स्टँड रिक्षाने अगदी थोडं अंतर, सामान नसेल तर चालतसुद्धा जाता येतं, आणि स्टँडवरून नांदगाव तिठामार्गे देवगडच्या गाड्या मिळतात. विजयदुर्गच्या बाजूला जायचं असेल तरी कणकवलीहून तळेऱ्यापर्यंत जाऊन पुढची गाडी बघता येते.

मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. कुडाळहून मालवण तिसेक किलोमीटर, कणकवलीहून जास्त, कसालवरून वळून जावं लागतं. अंतराने कुडाळ बरं, पण तुमची गाडी ज्या वेळेला पोचते त्या वेळेला कुठल्या स्टँडवर मालवणची एसटी आहे ते बघून ठरवा. सिंधुदुर्ग स्टेशन ओरसला आहे, जिल्हा मुख्यालयात काम असेल तर सोयीचं, पण तिथेही थांबणाऱ्या गाड्या कुडाळपेक्षा कमी. वेंगुर्ल्याला कुडाळहून जाता येतं, सावंतवाडीहून पण. आंबोली, बेळगावकडे जायचं असेल तर मात्र सावंतवाडीच, आणि तिथे लक्षात ठेवा की आंबोलीची गाडी सावंतवाडी शहरातल्या स्टँडवरून सुटते, मळगावच्या स्टेशनवरून नाही, मधल्या सात-आठ किलोमीटरचा वेळ आणि रिक्षाचे पैसे हिशोबात धरा.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळे, पावस, लांजा ह्या सगळ्यांना रत्नागिरी स्टेशन बरं पडतं. देवरुखला संगमेश्वर रोड. गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड. चिपळूणचं स्टेशन शहराच्या बाहेर हायवेच्या बाजूला आहे, स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते. खेडला स्टँड गावात आणि लांब पल्ल्याच्या गाड्या भरणे नाक्यावर, त्यामुळे दापोलीची गाडी कुठून पकडायची ते आधी विचारून घ्या, रिक्षावाल्याला नुसतं "स्टँड" म्हणू नका, "दापोलीची गाडी जिथून मिळते तिथे" असं सांगा.

रायगडात माणगाव सोयीचं आहे, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, म्हसळा ह्या बाजूला जाणाऱ्या गाड्या तिथून मिळतात. महाडला आणि पुढे रायगड किल्ल्याला जाणारे वीरला उतरतात, पण वीरला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, म्हणून तिथेही तेच, आधी पोचायची वेळ आणि पुढची सोय बघा.

आता रेल्वेची गाडी निवडा

गावच्या शेवटच्या एसटीची वेळ हातात आली की मागे मोजत या. समजा गावची शेवटची गाडी स्टँडवरून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. स्टेशन ते स्टँड अर्धा तास धरा, त्यात रिक्षासाठी थांबणं आलं. त्याच्या अलीकडे रेल्वे लेट होण्यासाठी दोन तास सोडा. म्हणजे तुमची रेल्वे टाइमटेबलप्रमाणे पावणेचारच्या आत पोचणारी हवी. पावसाळ्यात दोनाचे तीन तास करा.

दोन तास जास्त वाटतात लोकांना, पण त्याला कारण आहे. रोहा ते वीर एवढाच भाग दुहेरी आहे, तो २०२१ मध्ये झाला, बाकी मार्ग बहुतेक सगळा एकेरी. समोरून गाडी येत असली की आपली गाडी स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहते, आणि एक गाडी उशिरा झाली की तिच्यामुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी. कोणाच्या हलगर्जीपणाचा प्रश्न नाही हा, एका रुळावर दोन्ही बाजूंची वाहतूक चालवायची तर असंच होणार. सणाच्या दिवसांत जादा गाड्या सोडतात तेव्हा क्रॉसिंग अजून वाढतात, म्हणून स्पेशल गाडीचं तिकीट असेल तर मी अजून एक तास जास्त धरतो.

वेळेच्या हिशोबाने गाड्यांचे ढोबळ तीन गट पडतात. रात्री मुंबईहून सुटून पहाटे-सकाळी पोचणाऱ्या, म्हणजे कोकणकन्या आणि तुतारी. पहाटे सुटून दुपारच्या आत पोचणाऱ्या, म्हणजे वंदे भारत आणि जनशताब्दी. आणि सकाळी सुटून दुपारी-संध्याकाळी पोचणाऱ्या, मांडवी, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर वगैरे. एसटीच्या दृष्टीने रात्रीच्या गाड्या सगळ्यात चांगल्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दोन तास लेट झाली तरी तुमच्या हातात अख्खा दिवस असतो, सकाळची नाही तर दुपारची एसटी मिळते. त्यातही सिंधुदुर्गात उतरणाऱ्यांना जास्त बरं, कारण तिथे पोचेपर्यंत उजाडलेलं असतं. खेड-चिपळूणला मात्र कोकणकन्या अंधारात पोचते, तिथे उतरणाऱ्यांनी वेटिंग रूममध्ये बसून उजाडायची वाट बघायची तयारी ठेवावी, बरोबर म्हातारी माणसं असतील तर शाल आणि पाण्याची बाटली वरच्या पिशवीत काढून ठेवावी.

वंदे भारत २०२३ च्या जूनपासून सुरू झाली. गाडी छान, पण महाराष्ट्रात पनवेलनंतर ती खेड, रत्नागिरी आणि कणकवली एवढ्याच ठिकाणी थांबते. कुडाळवाल्यांनी कणकवलीला उतरून पुढे एसटी पकडायची असते, तो वेळ धरा. मांडवीचा प्रवास दिवसा होतो, बघायला सुंदर, पण सिंधुदुर्गात आतल्या गावी जायचं असेल आणि गाडी लेट झाली तर शेवटची एसटी जाण्याची भीती सगळ्यात जास्त ह्याच वेळेच्या गाड्यांना असते.

तुतारीबद्दल एक गोष्ट, कारण ह्यात दरवर्षी कोणीतरी फसतंच. ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलंत तर ती गाडी शुक्रवारी रात्रीच निघून गेलेली असते. आणि रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, तेव्हा गणपतीची तारीख बघून दोन महिने मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आधी तयार राहा.

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल असतं. दरड आणि पाण्यामुळे गाड्या सावकाश चालवतात, त्यामुळे सुटायच्या-पोचायच्या वेळा बदलतात, काही गाड्यांचे दिवस पण कमी होतात. गणपती बहुतेक वेळा ह्याच काळात येतात. एप्रिलमधला अनुभव गणपतीला धरून चालू नका.

स्टेशनवर उतरल्यावर

गाडी लांब असते आणि डबा कुठे लागेल त्यावर बरंच अवलंबून. लहान स्टेशनात पुढचे किंवा मागचे डबे प्लॅटफॉर्मच्या बाहेर जाऊ शकतात, काही ठिकाणी प्लॅटफॉर्म खाली आणि पायऱ्या उंच. सामान जास्त असेल तर दोन स्टेशनं आधीच उठून दाराजवळ या, थांबा दोन-तीन मिनिटांचाच असतो. बाहेर पडताना घाई करा असं मी एरवी सांगणार नाही पण इथे सांगतो, कारण रिक्षा मोजक्या आणि उतरणारे शंभर, पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या रिक्षा भरून जातात. ग्रुप असेल तर एकाने हात मोकळे ठेवून पुढे जायचं आणि रिक्षा धरायची, बाकीच्यांनी सामान घेऊन मागून यायचं.

रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या, शांतपणे विचारा, भांडू नका. स्टँडपर्यंत जाणारे अजून कोणी असतील तर शेअर करा. रत्नागिरीत स्टेशनातून थोडं चालून कोल्हापूर रस्त्याला आलात तर शहरात जाणारी एसटी मिळू शकते, तिथे एसटीचीच शहर बससेवा आहे, सामान कमी असेल तर खूप स्वस्तात काम होतं. मुंबई-गोवा हायवेवरच्या लांजा, राजापूर बाजूच्या गाड्यांसाठी काही लोक हातखंबा तिठ्यावर जाऊन उभे राहतात, पण दुपारच्या उन्हात पोरंबाळं घेऊन तिथे उभं राहण्यापेक्षा स्टँडवरून बसून जाणं चांगलं, स्टँडला निदान बसायला जागा मिळते.

स्टँडवर

आधी चौकशी खिडकी. कंट्रोलरला गावाचं नाव सांगताना तालुका आणि वाया पण सांगा, कारण एकाच नावाची दोन-तीन गावं कोकणात सर्रास आहेत. "अमुक गाव, वाया अमुक फाटा, कितीला लागते आणि कुठल्या फलाटावर?" एवढं एका दमात विचारलं की उत्तर पण नीट मिळतं. थेट गाडी नसेल तर फाट्यापर्यंत कुठली गाडी जाते ते विचारा. बऱ्याच गावांना थेट गाडी दिवसातून दोनदाच असते पण फाट्यावरून जाणाऱ्या गाड्या तासातासाला असतात, फाट्यावर उतरून घरून कोणाला बाईक घेऊन बोलावलं की झालं.

गाडी लागली की पाटी वाचा, पाटीवर शेवटचं गाव असतं, तुमचं नाही. आणि चढताना कंडक्टरला परत विचारा, वाया बदललेला असू शकतो. पावसाळ्यात कॉजवेवरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडच्याच थांब्यावरून परत फिरते, ते कंडक्टरला आदल्या फेरीवरून माहीत असतं.

तिकिटाचं बघू. भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने लागतं, म्हणून कधी कधी फाट्याच्या अलीकडे आणि पलीकडे उतरण्यात फरक पडतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना पण अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत, ती योजना ऑगस्ट २०२२ ची. आजी-आजोबांचं आधार कार्ड सुटकेसच्या तळाशी ठेवू नका, खिशात किंवा पिशवीत वर ठेवा, कंडक्टर वय बघायला मागतो आणि गर्दीत बॅग उघडायला जागा नसते. ह्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, सावंतवाडी-बांद्याहून पुढे गोव्यात जाणार असाल तर हद्दीच्या पुढचं भाडं पूर्ण. पोरांना ५ ते १२ वर्षं अर्धं. मशीनवर यूपीआय चालतं पण घाटात रेंज जाते आणि मागे रांग खोळंबते, म्हणून सुट्टे पैसे ठेवाच, दहा-वीसच्या नोटा.

आठवडाभर फिरायलाच आला असाल, आज मालवण उद्या देवगड असं, तर एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास बघा, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. रोज तिकीट काढण्यापेक्षा फिरणाऱ्याला परवडतो.

शेवटची गाडी चुकली तर

माझी एकदा चुकली आहे. स्टेशनचं नाव राहू दे. बरोबर आई होती, तिच्याकडे तांदळाची पिशवी आणि एक कुंडी, मोगऱ्याचं रोप मुंबईहून गावी लावायला आणलेलं. आमची गाडी दोन ठिकाणी क्रॉसिंगला थांबली, स्टँडवर पोचलो तर सव्वासहाची गेलेली, घड्याळात सहा चाळीस. फलाटावर एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत बसलेले, त्यांनी आमच्याकडे बघून न विचारताच सांगितलं, "गाडी गेली मरे, आता फाल्यां सकाळी." आई काही बोलली नाही, कुंडी मांडीवर घेऊन बाकावर बसली. दोन तास आधी पोचणाऱ्या गाडीचं तिकीट मिळत होतं आणि मी ते सोडलं होतं, कारण मला सकाळी उशिरा निघायचं होतं. तेव्हापासून मी हा उलटा हिशोब करायला लागलो.

असं झालंच तर काय करायचं ते क्रमाने सांगतो. पहिलं म्हणजे कंट्रोलरला विचारा की फाट्यावरून जाणारी लांब पल्ल्याची कुठली गाडी आहे का, रात्री हायवेने गाड्या चालू असतात, त्या फाट्यावर सोडतील. पण रात्रीच्या फाट्यावर उतरायच्या आधी घरून कोणीतरी न्यायला निघालंय याची फोनवर खात्री करा, तसं नसेल तर उतरू नका. ते जमत नसेल तर स्टँडवर तुमच्याच बाजूचे अजून कोणी अडकलेत का बघा, चार जण मिळून गाडी केली तर भाडं वाटून जातं. आणि तेही नसेल तर तिथेच लॉजवर राहा आणि पहिल्या गाडीने जा. रात्री अनोळखी वाहनात एकट्याने बसण्यापेक्षा एक रात्र लॉजवर काढलेली बरी. पोरीबाळींना तर मी हे निक्षून सांगतो.

आणि गाडीत असतानाच लक्षात आलं की उशीर होतोय, तर वाट बघत बसू नका. रेल्वे कुठे आहे ते १३९ वर किंवा मोबाईलवर कळतं. लगेच डेपोच्या चौकशीला फोन करा आणि गावात पण करा. डेपोतून गाडी थांबवतील असं नाही, एका प्रवाशासाठी पन्नास जणांना ताटकळत ठेवणं बरोबरही नाही, पण आठ-दहा जण एकाच गाडीने येत असतील आणि पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न असेल तर कंडक्टर वाट बघतात, मी स्वतः बघितलंय. गावातल्या दुकानदाराने फोन करून सांगितलं होतं की रेल्वेने आमची माणसं येतायत, आणि कंडक्टर फलाटावर उतरून रिक्षांकडे बघत उभा होता.

परत जाताना हिशोब अजून कडक

येताना चुकलं तर एक रात्र जाते, जाताना चुकलं तर रेल्वेचं तिकीटच जातं. परतीला सकाळ-दुपारची रेल्वे असेल तर मुक्कामाची गाडीच पकडा, ती पहाटे निघते आणि तिला मागून येणारी दुसरी गाडी उशीर करत नाही, कारण ती गावातच उभी असते. रात्रीची रेल्वे असेल तर दुपारची एसटी धरा, संध्याकाळची शेवटची नको. शेवटची गाडी गावाकडे येणारी असते, गावातून बाहेर जाणारी शेवटची फेरी त्याच्या बरीच आधी असते, हे लोक विसरतात आणि सहा वाजता बॅगा घेऊन थांब्यावर येऊन उभे राहतात. स्टेशनवर तीन-चार तास आधी पोचलात तरी हरकत नाही, डबा घेऊन जा, जेवा, निवांत बसा.

आंब्याच्या पेट्या असतील तर कंडक्टरला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि गणपतीच्या परतीला, विसर्जनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गावातूनच गाड्या भरून येतात, मधल्या थांब्यावर उभे असाल तर चढायला मिळेल याचा भरवसा धरू नका. गाडी जिथून सुटते त्या वाडीपर्यंत उलटं जाऊन बसा.

रेल्वेला जोडून एसटी हवी असेल तर मागा

हे मुंबई मंडळांसाठी आणि ग्रामपंचायतीसाठी लिहितोय. रेल्वे आणि एसटी ही दोन वेगळी खाती, एकाचं टाइमटेबल बदललं की दुसऱ्याचं आपोआप बदलत नाही. कोणीतरी लेखी मागितल्याशिवाय डेपोला कळणार नाही की तुमच्या गावचे किती लोक कुठल्या रेल्वेने उतरतात. अर्ज आगार व्यवस्थापकाला करायचा, त्याची प्रत विभाग नियंत्रकाला, सिंधुदुर्गसाठी ते कार्यालय कणकवलीला, रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरीला, रायगडसाठी पेणला. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. नवीन गाडी द्या असं मोघम लिहू नका, ते लगेच होत नाही, चालक-वाहक आणि गाडी दोन्ही लागतात. त्याऐवजी आहे त्याच फेरीची वेळ अर्ध्या तासाने पुढे करा किंवा तीच फेरी वाया स्टेशन न्या, असं नेमकं मागा, ते पटकन होऊ शकतं. रेल्वेचं नाव, पोचायची वेळ, पावसाळ्यातली वेगळी वेळ, आणि दोन-तीन आठवडे स्टेशनवर उभं राहून मोजलेले प्रवासी किती, शनिवारी किती आणि मधल्या वारी किती, एवढं एका पानावर लिहा. आजूबाजूच्या तीन-चार गावांनी मिळून अर्ज केला तर वजन येतं, कारण रस्ता एकच असतो.

आणि फेरी मिळाली की ती भरा. पहिले दोन महिने रिकामी धावली तर बंद होते, मग परत मिळवायला वर्ष जातं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ टाका, थांब्याच्या शेडमध्ये मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, रेल्वेची वेळ एका बाजूला आणि एसटीची दुसऱ्या बाजूला, आणि जूनमध्ये रेल्वेच्या वेळा बदलल्या की आठवणीने ती पाटी पुन्हा रंगवा.